पंचेचाळीस अंश

गेल्या महिन्यात एका जुन्या इमारतीच्या पार्किंगमध्ये कॉलम फोडायचं काम सुरू झालं. फोडायचं म्हणजे पाडायचं नव्हे. प्लास्टर आणि सळयांबाहेरचं काँक्रीट छिन्नीने काढायचं आणि कॉलमला चारही बाजूंनी नवा जाड थर द्यायचा. आम्ही त्याला जॅकेटिंग म्हणतो. पहिल्या कॉलमचं एक अंग उघडं झालं, तशी मी टॉर्च घेऊन वाकले. उभ्या सळयांभोवतीच्या आडव्या रिंगा दिसत होत्या. आठ मिलिमीटर जाडीच्या, खालच्या टोकाशी चार-चार इंचांवर. जाडी बरोबर, अंतर बरोबर. पण प्रत्येक रिंगेची टोकं काटकोनात वळवलेली होती. ती आत गाभ्यात शिरलीच नव्हती, कडेकडेने जाऊन संपली होती.

बावीस वर्षांपूर्वी या कॉलमच्या सळया तपासून काँक्रीट ओतायला परवानगी देणारी सही माझी आहे. मला इंजिनिअर म्हणून नोकरी लागून तेव्हा दीड वर्ष झालं होतं. ड्रॉइंगवर टोकं १३५ अंशांत वळवलेली दाखवली होती, जागेवर ती ९० अंशांत होती. मला ते दिसलं होतं. संध्याकाळ झाली होती, शटरिंग लावायला माणसं उभी होती, काँक्रीट पहाटे यायचं होतं. पंचेचाळीस अंशांसाठी सगळं काम थांबवायचं का, असा विचार मनात आला आणि मी सही केली. त्या पंचेचाळीस अंशांमध्ये नेमकं काय असतं, ते आज सविस्तर लिहायचं आहे. भूकंपात इमारत कशी टिकते यावर बोलताना लोक मला मोठमोठ्या यंत्रणांबद्दल विचारतात. रिंगेच्या टोकाबद्दल कुणी विचारत नाही.

मोठा भूकंप झाला तर इमारतीवर जेवढं बळ येईल, तेवढं सगळं झेलायला आम्ही ती डिझाइन करत नाही. ही गोष्ट घर घेणाऱ्या कुणाला सहसा माहीत नसते. इमारत जशीच्या तशी राहिली असती तर तिच्यावर जेवढं बळ आलं असतं, ते आम्ही एका आकड्याने भागतो. चांगल्या तपशिलाच्या काँक्रीट चौकटीसाठी हा आकडा काही संहितांमध्ये, म्हणजे बांधकामाच्या नियमावल्यांमध्ये, पाच आहे, काहींमध्ये आठ. म्हणजे डिझाइनमध्ये धरलेलं बळ हे येऊ शकणाऱ्या बळाचा पाचवा किंवा आठवा भाग असतं. हा निष्काळजीपणा नाही. उरलेला हिशेब इमारतीने वाकून चुकवावा, अशी अपेक्षा त्यामागे असते. सळया बांधायची बारीक तार घ्या आणि एकाच जागी दहा-बारा वेळा मागेपुढे वाकवा. वाकलेल्या जागी बोट लावलंत तर ती गरम लागेल. तुमच्या हाताने दिलेली ऊर्जा तिथे उष्णता होऊन संपली. इमारतीने भूकंपात हेच करायचं असतं: ठरलेल्या जागी, ठरलेल्या पद्धतीने, न तुटता वाकत राहायचं. खडू असा वाकत नाही, तो मोडतो. काँक्रीट एकटं असेल तर ते खडूच्या जातीचं.

त्याला तारेसारखं वागायला लावते ती रिंग. वाळूचा ढीग करून त्यावर उभं राहिलात तर वाळू बाजूला पसरते. तीच वाळू कापडी पिशवीत गच्च भरून तोंड शिवलंत, तर पिशवी तुमचं वजन सहज पेलते. कॉलमवर प्रचंड दाब आला आणि तो मागेपुढे हलू लागला की आतलं काँक्रीट चुरडतं आणि बाहेर फुगू पाहतं. रिंगा त्याला आवळून धरतात. उभ्या सळया दाबाखाली धनुष्यासारख्या बाहेर वाकू पाहतात, त्यांनाही रिंगाच धरून ठेवतात. आणि टोकाचा प्रश्न येतो तो इथे. हादरे सुरू झाले की सगळ्यात आधी गळून पडतं ते रिंगेबाहेरचं दीड-दोन इंचांचं काँक्रीट. टोक ९० अंशांत असेल तर ते याच आवरणाच्या भरवशावर असतं. आवरण गेलं की टोक उघडतं आणि मोळीची गाठ सुटावी तशी रिंग सुटते. टोक १३५ अंशांत आत वळवलं असेल, पुढे सळईच्या जाडीच्या निदान सहापट लांबी असेल, तर ते गाभ्यात रुतलेलं असतं. आवरण गेलं तरी गाठ टिकते. बाकी सगळं सारखं. लोखंडही जवळपास तेवढंच लागतं.

शिकत असताना मी एका रुग्णालयाची छायाचित्रं पाहिली होती. कॅलिफोर्नियातलं ऑलिव्ह व्ह्यू. ९ फेब्रुवारी १९७१ चा सॅन फर्नांडो भूकंप झाला तेव्हा ही इमारत अगदी नवी होती. तिचा खालचा मजला एका बाजूला दीड-दोन फूट कलला. त्यातल्या काही कॉलममध्ये दूर दूर अंतरावर साध्या रिंगा होत्या, तर काहींमध्ये सलग गुंडाळलेल्या स्प्रिंगसारखी सर्पिल सळई. साध्या रिंगांचे कोपऱ्यातले कॉलम फुटून त्यांचा चुरा झाला. सर्पिल सळईच्या कॉलमचं बाहेरचं काँक्रीट गळून गेलं, ते वाकडे झाले, पण वरचं ओझं धरून उभे राहिले. एकाच इमारतीत, एकाच हादऱ्यात, शेजारी शेजारी. प्रयोगशाळेतही इतकी स्वच्छ तुलना क्वचित मिळते. ते छायाचित्र पाहिलेलं असूनही मी ती सही केली होती, हे मला सांगितलंच पाहिजे. माहीत असणं आणि संध्याकाळी सहा वाजता काम थांबवणं यांत फार अंतर आहे.

त्यानंतर दोन वर्षांनी मी पहिल्यांदा काम थांबवलं. दुसरी साईट, दुसरे फिटर. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही म्हणायचे. सळया वाकवण्यात त्यांचे चाळीस पावसाळे गेले होते. मी त्यांना म्हटलं, "मामा, टोकं आत वळवा, नाहीतर मी सही करणार नाही." त्यांनी वाद घातला नाही. एक तयार रिंग माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मॅडम, एकदा तुम्ही घालून दाखवा." मी परांचीवर चढले. तयार रिंग वरून सरकवत खाली आणायची होती. दहा फूट उभ्या सळया, त्यात खालच्या मजल्याच्या सळयांचा जोड नेमका तिथेच, म्हणजे सळया दुप्पट. वर बीमच्या सळया आडव्या आलेल्या. तीन रिंगा घालायला मला चाळीस मिनिटं लागली आणि दोन बोटं सोलून निघाली. तिथे उभी असताना लक्षात आलं, की एवढ्या दाटीत काँक्रीट हलवून बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुईसुद्धा आत जाणार नाही. काँक्रीट नीट बसलं नाही तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं राहतील आणि मग रिंगेचं टोक कितीही आत असलं तरी ते धरणार कशाला?

मामांचं म्हणणं खरं होतं. चूक ड्रॉइंगमध्ये होती. ऑफिसात बसून आम्ही कॉलम बारीक ठेवला होता आणि त्यात लोखंड कोंबलं होतं. मी परत जाऊन कॉलम तीन इंचांनी वाढवला, सळयांचे जोड मजल्याच्या मध्यावर नेले आणि सगळे एकाच उंचीवर येणार नाहीत असे मागेपुढे केले. भूकंपात कॉलमची दोन टोकं सगळ्यात जास्त वाकतात, मधला भाग कमी. जोड या मधल्या भागातच असायला हवेत. यानंतरच्या रिंगा मामांनी १३५ अंशांत वळवल्या, आणि त्यांची माणसं त्या न कुरकुरता घालत होती. तेव्हापासून माझ्या पिशवीत शाळेतलं कोनमापक असतं, आणि कुठलंही ड्रॉइंग साईटवर पाठवण्याआधी मी मनातल्या मनात त्या परांचीवर चढते.

भूकंपात कुठला भाग आधी मोडावा हेही डिझाइन करतानाच ठरवता येतं, ही कल्पना मला आजही सुंदर वाटते. न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठात रॉबर्ट पार्क आणि टॉम पॉले यांनी ती तपशिलात नेली आणि जगभरच्या संहितांनी उचलली. साखळीतली एक कडी मऊ, लांबणारी ठेवली आणि बाकीच्या तिच्याहून दणकट केल्या, तर साखळी तुटायच्या आधी लांबेल. इमारतीत ती मऊ कडी म्हणजे बीमचं टोक. बीम वाकला तर एका मजल्याचं नुकसान होतं. कॉलम मोडला तर त्याच्यावरचं सगळंच खाली येतं. म्हणून बीम आणि कॉलम जिथे मिळतात तिथे कॉलमची एकत्रित ताकद बीमपेक्षा जास्त हवी, कुठे १.२ पट, कुठे १.४ पट. साईटवर कुणी "मॅडम, बीममध्ये दोन सळया जास्तीच टाकल्यात, मजबुतीसाठी" असं आनंदाने सांगतं तेव्हा मला दोन्ही सळया काढायला सांगाव्या लागतात. जास्तीच्या सळयांनी बीम दणकट होतो आणि मोडायची पाळी कॉलमवर येते. हे पटवून देणं फार अवघड जातं.

हीच चूक संपूर्ण मजल्याच्या पातळीवर होते ती पार्किंगमध्ये. वर प्रत्येक मजल्यावर विटांच्या भिंती, खाली नुसते कॉलम. हिशेबात आम्ही बऱ्याचदा भिंतींचं फक्त वजन धरतो, पण भूकंपाला त्या भिंती दिसतात. वरचे मजले भिंतींमुळे एका खोक्यासारखे ताठ राहतात आणि सगळं वाकणं खालच्या एका मजल्यात येऊन साठतं. २६ जानेवारी २००१ ला भूजजवळ भूकंप झाला आणि तिथून दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादमध्ये अशा मोकळ्या तळमजल्याच्या कित्येक इमारती बसल्या. कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिजला १९९४ मध्ये एका निवासी संकुलाचा असाच तळमजला बसून १६ माणसं गेली. उपाय माहीत आहे, अवघडही नाही: पार्किंगच्या पातळीवर चार योग्य जागी काँक्रीटच्या भिंती न्यायच्या, पायापासून वरपर्यंत सलग. दोन-तीन गाड्यांची जागा जाते. प्रत्येक बैठकीत तेवढ्यावरच चर्चा अडते.

आणि एक जागा, जिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. शाळांच्या, दवाखान्यांच्या इमारतीत दोन कॉलमच्या मध्ये अर्ध्या उंचीपर्यंत भिंत असते आणि वर लांबच लांब खिडकी. भिंत कॉलमला घट्ट चिकटलेली. मग हलायला कॉलमची फक्त वरची अर्धी उंची मोकळी राहते. उंची निम्मी झाली की ताठपणा आठपट होतो, कारण तो उंचीच्या घनावर अवलंबून असतो. जो ताठ, तो भूकंपाचं बळ जास्त ओढून घेतो. त्यासाठी तो बनवलेलाच नसतो आणि खिडकीच्या उंचीत तिरपा चिरतो. बांधतानाच भिंत आणि कॉलम यांच्यात बोटभर फट ठेवून ती मऊ पदार्थाने भरली, तर हा धोका टळतो. शाळेच्या इमारतीत गेले की माझी नजर आधी त्या कोपऱ्याकडे जाते.

जमिनीबद्दल थोडं. १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपाचं केंद्र मेक्सिको शहरापासून साडेतीनशे किलोमीटरहून लांब होतं. तरी शहराचा जो भाग जुन्या सरोवराच्या गाळावर वसला आहे तिथे इमारती कोसळल्या, आणि टणक जमिनीवरच्या भागात तुलनेने फार कमी झालं. तो मऊ गाळ साधारण दोन सेकंदांत एकदा या तालात डोलत राहिला. इमारतीचाही ताल असतो, ढोबळमानाने दर मजल्याला एक दशांश सेकंद. हादऱ्यात तडे गेले की इमारत सैल होते आणि तिचा ताल आणखी मंदावतो. म्हणून सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती त्या गाळाच्या तालात सापडल्या, आणि बुटक्या इमारती त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. माती परीक्षणाचा अहवाल न बघता पायाची ड्रॉइंग मागणाऱ्यांना मी आता नाही म्हणते.

"आमची इमारत भूकंपरोधक आहे का?" हा प्रश्न मला जवळजवळ दर आठवड्याला येतो. त्याचं खरं उत्तर असं, की संहिता पाळून बांधलेली इमारत तुम्हाला जिवंत बाहेर पडू देईल. ती नंतर वापरता येईलच असं वचन संहितेने दिलेलं नाही. पार्क आणि पॉले ज्या शहरात शिकवत होते त्या क्राइस्टचर्चला २२ फेब्रुवारी २०११ ला भूकंप झाला. १८५ माणसं गेली, त्यातली ११५ एकाच इमारतीत, सीटीव्ही बिल्डिंगमध्ये. तिच्या गोल कॉलममध्ये ६ मिलिमीटरची सर्पिल सळई होती, तिचे वेढे २५० मिलिमीटरवर, म्हणजे जवळजवळ दहा-दहा इंचांवर. हे दोन आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. त्याच शहरात इतर बऱ्याच इमारतींनी अपेक्षेप्रमाणे वाकून माणसं वाचवली, पण मागाहून शहराच्या मध्यभागाचा मोठा हिस्सा पाडावा लागला. माणसं वाचली, गाव मात्र वर्षानुवर्षं बंद राहिलं.

त्यावर उत्तर म्हणजे इमारत जमिनीपासून सोडवणं. रबर आणि पोलादाच्या पत्र्यांचे थर, मधोमध शिशाचा गाभा, असे ठोकळे पाया आणि इमारत यांच्यामध्ये बसवायचे. बिल रॉबिन्सन यांची ही कल्पना, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वेलिंग्टनच्या विल्यम क्लेटन इमारतीत ती पहिल्यांदा वापरली गेली. जमीन झपाट्याने हलते, वर इमारत सावकाश डोलते आणि शिसं ऊर्जा खातं. मेक्सिकोसारख्या गाळावर मात्र हे ठोकळे उलट काम करतील, कारण इमारतीचा ताल ते नेमका दोन-तीन सेकंदांवर नेऊन ठेवतात. रुग्णालयांसाठी मला हा उपाय फार मोलाचा वाटतो, आणि त्याचं कारण पुन्हा ऑलिव्ह व्ह्यूच आहे. ते पोलादी भिंती घालून नव्याने बांधलं गेलं आणि १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात सापडलं. छतावर गुरुत्वाकर्षणाच्या दुपटीहून जास्त त्वरण नोंदलं गेलं. सांगाड्याला काही झालं नाही. पण पाण्याचे नळ फुटले, मजल्यांवर पाणी झालं आणि रुग्णांना बाहेर हलवावं लागलं. सांगाडा वाचवून भागत नाही. नळ, छताचे तक्ते, कपाटं, प्राणवायूच्या टाक्या यांनाही जागच्या जागी धरून ठेवावं लागतं, आणि हे काम कुणाच्याच यादीत नसतं.

२०२३ च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानातल्या भूकंपात पन्नास हजारांहून अधिक माणसं गेली. त्या देशाची संहिता जुनीपुराणी नव्हती, २०१८ ची होती. त्याच वर्षी विनापरवाना बांधकामं पैसे भरून नियमित करून देणारी योजनाही तिथे आली होती. ती बातमी वाचताना मला माझी ती संध्याकाळ आठवत राहिली. कागदावर १३५ अंश आणि सळईवर ९०.

त्याच महिन्यात मी जुन्या इमारतीच्या अध्यक्षांना फोन केला. बैठकीत उभी राहून सांगितलं, की तळमजल्याचे अकरा कॉलम दुरुस्त करायला हवेत आणि तपासणीची सही माझी आहे. डिझाइनचं काम मी पैसे न घेता करेन, असंही सांगितलं. पार्किंगमध्ये प्रत्येक कॉलम चारही बाजूंनी चार-चार इंचांनी जाड होणार यावर बरीच खळखळ झाली. मागच्या रांगेतल्या एक आजी मात्र एवढंच म्हणाल्या, "मग ताई, इतकी वर्षं आम्ही कशाच्या भरवशावर झोपलो?" मला उत्तर देता आलं नाही. परवानग्या, वर्गणी, दोन निविदा यात बराच काळ गेला.

आता काम चालू आहे. बीमखाली लोखंडी टेकू लावून कॉलमवरचा भार कमी करायचा, बाहेरचं आवरण काढून पृष्ठभाग खडबडीत करायचा, नव्या उभ्या सळया पायात रोवायच्या आणि स्लॅबला भोकं पाडून वर न्यायच्या. उभ्या असलेल्या कॉलममध्ये रिंग वरून सरकवता येत नाही, म्हणून ती दोन तुकड्यांत घालून जुळवावी लागते. इथला फिटर पंचविशीतला आहे. पहिल्या दिवशी मी कोनमापक काढलं तेव्हा त्याने ते हातात घेऊन निरखलं. दुसऱ्या दिवशी त्याने लाकडाच्या फळीवर दोन खिळे ठोकून १३५ अंशांचा साचा बनवून आणला. आता रिंगा तिथेच वळतात आणि मला एकेक मोजावी लागत नाही, तरी मी मोजते. काँक्रीट ओतण्याआधी प्रत्येक कॉलमचे चारही बाजूंनी फोटो काढून आजींच्या मुलाला पाठवते. घर घेणाऱ्या प्रत्येकाने बिल्डरकडे हेच मागावं: सळयांची ड्रॉइंग आणि काँक्रीट ओतण्याआधीचे फोटो.

अकरांपैकी चार कॉलम झाले. पाचव्याला गुरुवारी टेकू लागतील.